जखमी पांखरांची शुश्रूषा

सोलापूरच्या आकाशांत पांखरांची वाण नाहीं. सिद्धेश्वराच्या तलावावर व कंबर तलावावर पाणपक्षी उतरतात, हिप्परग्याच्या जलाशयावर हिवाळ्यांत दूरदूरचे पाहुणे येतात, उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उभे राहतात, आणि शहरापासून कांहीं कोसांवर असलेल्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य स्थापन झालें आहे. मराठींत पक्षिकोश रचणारे अरण्यपंडित मारुती चितमपल्ली हेहि याच गांवचे. १९३२ सालीं त्यांचा जन्म येथेंच झाला, व २०२५ सालीं त्यांनीं देह ठेवला तोहि येथेंच. त्यांची जन्मतारीख ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांची १२ नोव्हेंबर. या दोहोंमधील आठवडा महाराष्ट्रांत २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. अशा गांवांत एखाद्या घराच्या गच्चीवर, ओसरीवर किंवा अंगणांत जखमी पांखरूं येऊन पडणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. नवल वाटावें तें याचें कीं, त्या क्षणीं घरांतील सर्वांच्या मनांत दया दाटून येते, आणि पुष्कळ वेळां ती दयाच त्या पांखराच्या जिवावर उठते.

असा प्रसंग बहुधा सारख्याच क्रमानें घडतो. मांज्यांत पंख अडकलेली घार किंवा उन्हानें भोवंडून पडलेलें कबूतर कोणाच्या तरी दृष्टीस पडतें. एकजण धांवत जाऊन तें उचलतो. दुसरा चोंच फांकवून पेल्यानें पाणी ओततो. आजीबाई दुधांत भिजविलेला पाव पुढें करतात. मुलें भोंवतीं कोंडाळें करून त्याच्या पाठीवरून हात फिरवितात. आणि शेवटीं तें तारेच्या पिंजऱ्यांत घालून दिवाणखान्याच्या मध्यभागीं ठेवलें जातें. तासाभरानें तें मान टाकतें. त्याचें आयुष्यच तेवढें होतें, असें म्हणून सर्वजण हळहळतात. परंतु कित्येकदां आयुष्य तेवढेंच नसतें. उरलेलें या शुश्रूषेनें संपविलेलें असतें. यांत कोणाच्या अंतःकरणाचा दोष नाहीं. दोष आहे तो, पांखराचें शरीर माणसासारखेंच चालतें या समजुतीचा.

पहिली गोष्ट भीतीची. कुत्रें किंवा वासरूं माणसाच्या स्पर्शानें शांत होतें, कारण हजारों वर्षें त्यांची जात माणसाच्या सहवासांत आहे. रानांतील पांखराला मात्र माणूस म्हणजे एक प्रचंड शिकारी जनावर. त्याच्या हातांत सांपडणें म्हणजे खाल्लें जाणें, एवढाच अर्थ त्याला ठाऊक असतो. म्हणून पाठीवरून हात फिरविला असतां तें निपचित पडतें, ही समाधानाची खूण नव्हे. ती भीतीची परिसीमा होय. अशा वेळीं त्याचें हृदय अतोनात वेगानें धडधडत असतें, आणि रक्तस्रावानें आधींच क्षीण झालेला जीव तेवढ्या धसक्यानेंहि जाऊं शकतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. माणसाच्या छातीखालीं श्वासाचा पडदा असतो. पांखराला तसा पडदा नाहीं. त्याच्या छातीचें हाड पुढें-मागें हालतें, आणि त्या हालचालीनें शरीरांतील हवेच्या पिशव्या भात्याप्रमाणें भरतात व रिकाम्या होतात. हें हाड मुठींत घट्ट आवळलें गेलें कीं नाक-तोंड मोकळें असूनहि पांखरूं गुदमरतें.

तिसरी गोष्ट चोंचीची. श्वासनलिकेचें तोंड पांखराच्या जिभेच्या मुळाशींच उघडतें. शुद्धीवर असलेलें पांखरूं गिळतांना तें आपोआप मिटून घेतें. परंतु ग्लानींत असलेल्या पांखराच्या चोंचींत ओतलेलें पाणी सरळ फुप्फुसाच्या वाटेला लागतें. पांखरूं पाणी प्यालें असें पाहणाऱ्याला वाटतें. प्रत्यक्षांत तें बुडून मरत असतें. दुधाचेंहि तेंच. शिवाय दूध हें सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचें अन्न आहे. तें पचविण्याची सोय पांखराच्या पोटांत नाहीं.

मग करावें तरी काय? काळोख, ऊब, शांतता आणि त्वरा, या चार गोष्टींत सर्व प्रथमोपचार येतो. पांखरावर मागच्या बाजूनें कापड टाकावें, पंख अंगाशीं मिटलेले राहतील अशा बेतानें दोन्ही हातांनीं तें उचलावें, आणि बाजूंना भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवावें. कापडाच्या बाबतींत सोलापूरकरांनीं एक खबरदारी घेणें अगत्याचें आहे. येथील टॉवेल सर्व देशांत प्रसिद्ध आहे, आणि साहजिकच तोच सर्वांच्या हाताशीं असतो. परंतु सुताच्या ज्या फांसांमुळें तो पाणी टिपतो त्याच फांसांत पांखराच्या नख्या अडकतात, व ओढाताणींत बोट मुरगळतें. त्यापेक्षां जुनें धोतर किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा बरा. मोठ्या पक्ष्यासाठीं साधी चादर चालेल.

कोणता पक्षी कशानें इजा करतो हेंहि ठाऊक असावें. घार, ससाणा व घुबड यांच्या चोंचीपेक्षां नख्यांचें भय अधिक. बगळ्याची चोंच मात्र थेट डोळ्याचा वेध घेते, म्हणून त्याला चेहऱ्यापासून दूर धरावें. रोहितासारख्या लांब पायांच्या पक्ष्याचे पाय दुमडून फार वेळ बांधून ठेवूं नयेत. धडपडीनें व ताणानें त्याचे स्नायूच निकामी होतात, आणि वरवर बरा दिसणारा पक्षी पुन्हां पायांवर उभा राहत नाहीं. पांखरांच्या शरीराचें स्वाभाविक तपमान ४० ते ४२ अंशांच्या घरांत असतें. माणसाला जो कडक ताप वाटेल ती त्यांची निरोगी अवस्था. जखमी पांखरूं ही ऊब झपाट्यानें गमावतें. म्हणून थंडींत किंवा पावसाळ्यांत खोक्याच्या एका बाजूस कापडांत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. ऊब हवी असेल तर पांखरूं जवळ येईल, नको असेल तर दूर सरेल. नंतर खोकें बंद करून निवांत खोलींत ठेवावें, आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, तें पुन्हां पुन्हां उघडून पाहूं नये. तेवढ्या वेळांत वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावें, अथवा पांखरूं जवळच्या पशुवैद्याकडे न्यावें.

शहरांतील पांखरांना होणाऱ्या इजांत मांज्याची इजा सर्वांत क्रूर होय. सुती दोऱ्यावर कांचेची पूड चढविलेला जुना मांजाहि पंख कापीतच असे. पण तो पावसापाण्यानें कुजून तुटे. नायलॉनचा धागा तसा कुजत नाहीं. पतंगांचे दिवस संपून महिने लोटले तरी तो विजेच्या तारांवर व झाडांच्या शेंड्यांवर लोंबत राहतो, आणि पतंग उडविणारें मूल त्याला विसरून गेल्यावर एखादा कावळा किंवा घार त्यांत सांपडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ११ जुलै २०१७ रोजीं अशा कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीहि तो चोरून विकला जातो व विकत घेतलाहि जातो. हा धागा बहुधा पंखाच्या पुढल्या कडेला, खांदा आणि मनगट यांमध्यें ताणलेल्या कातडीच्या पडद्यांत घुसतो. हा पडदा म्हणजे उड्डाणाचें शीडच. पांखरूं जितकें धडपडतें तितका धागा खोल जातो. अशा वेळीं तो ओढून काढण्याचा मोह होतो, आणि त्यानेंच उरलासुरला पडदा फाटतो. धागा पांखरापासून वीतभर अंतरावर दोन्हीकडे कात्रीनें कापावा, व मांसांत रुतलेला भाग तसाच ठेवून पांखरूं वैद्याच्या हातीं द्यावें. उंच झाडावर किंवा तारांवर अडकलेल्या पांखरासाठीं स्वतः चढूं नये. अग्निशामक दलास किंवा वीज कंपनीच्या माणसांस बोलवावें.

दुसरा शत्रु उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढें सहज जातो. पांखरांना घाम येत नाहीं. चोंच उघडी टाकून धापा टाकणें आणि गळ्याची कातडी थरथरविणें, हाच त्यांचा उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग, आणि त्यांत अंगांतील पाणी वेगानें खर्च होतें. उन्हानें पडलेल्या पांखराला बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये. सावलींत, वारा खेळेल अशा जागीं ठेवावें, पायांना साध्या पाण्याचा ओला हात लावावा, आणि तें मान सावरूं लागलें म्हणजे पसरट भांड्यांत पाणी समोर ठेवावें. आपण होऊन तें जेवढें पिईल तेवढेंच त्याला पाजावयाचें. गच्चीवर पाण्याचें परळ ठेवण्याची चाल उत्तम आहे. मात्र तें दोन बोटें खोल असावें, मध्यें एखादा दगड असावा, आणि रोज घासून त्यांत नवें पाणी भरावें. शिळ्या पाण्यांतून कबुतरांच्या घशाचा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मग पुण्यासाठीं ठेवलेलें परळ रोग वांटीत बसतें.

जखमी म्हणून उचलून आणलेल्या पांखरांत पुष्कळशीं जखमी नसतातच. पिसें फुटलेलें, आंखूड शेपटीचें, टुणटुण उड्या मारणारें पिल्लूं घरट्यांतून पडलेलें नसतें. तें उडावयास शिकत असतें. त्याचे आईबाप जवळच्याच फांदीवर असतात, व माणूस दूर झाला कीं चारा घेऊन येतात. अशा पिल्लाला मांजरापासून सुरक्षित अशा झुडपांत ठेवून बाजूला व्हावें. अगदीं उघडें, पिसें न फुटलेलें पिल्लूं मात्र घरट्यांत परत ठेवावें. माणसाचा हात लागला कीं आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नव्हे. पाकोळीचें प्रकरण याहून निराळें. तिचे पाय इतके आंखूड असतात कीं सपाट जमिनीवरून तिला सहसा झेप घेतां येत नाहीं, आणि ती जखमी आहे असें वाटतें. तिला हवेंत भिरकावूं नये. उघड्या तळहातावर घेऊन उंच व मोकळ्या जागीं उभें राहावें. निरोगी असेल तर क्षणभर थरथरून ती आपली आपण उडून जाते. घुबडाच्या जखमांत तर अंधश्रद्धेचीहि भर पडते. दिवसा कावळ्यांच्या टोचण्यानें तें खालीं आलें म्हणजे लोक त्याला अपशकुनी समजून हाकलतात. वस्तुतः गव्हाणी घुबड हें धान्याचा नाश करणाऱ्या उंदरांवरच पोट भरतें. लक्ष्मीचें वाहन हा मान त्याला उगीच मिळालेला नाहीं.

एका बाबतींत मात्र दयेनें चार पावलें मागें राहिलें पाहिजे. २०२५ च्या मार्च महिन्यांत सोलापूर शहरांत कावळे व इतर पक्षी मरून पडूं लागले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेंतील तपासणींत त्याचें कारण बर्ड फ्ल्यू असल्याचें निष्पन्न झालें. एकाच ठिकाणीं अनेक पक्षी मेलेले किंवा झिंगलेले दिसले तर त्यांना हात न लावतां अधिकाऱ्यांना कळवावें. एरवींहि पांखरूं हाताळतांना हातमोजे व तोंडावर फडकें असावें, आणि नंतर साबणानें हात धुवावे.

महाराष्ट्रांत नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर व पुण्यास बावधन येथें वन्यप्राण्यांसाठीं उपचारकेंद्रें उभीं राहिलीं आहेत. मुंबईस परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून मुक्या प्राण्यांची सेवा करीत आलें आहे. अशा केंद्रांत पांखरूं आलें कीं कोणी लगेच जखम शिवावयास बसत नाहीं. प्रथम त्याला ऊब देऊन कांहीं वेळ स्वस्थ ठेवितात. मग वजन करितात, आणि छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचें मांस चांचपून पाहतात. हाड सुरीच्या धारेसारखें हातास लागलें तर पांखरूं कित्येक दिवसांचें उपाशी आहे असें समजतात. अशा पांखराला एकदम पोटभर घालणें हेंहि घातक; आधीं क्षारयुक्त पाणी, मग पातळ अन्न, आणि मग त्याचा नेहमींचा आहार, असा क्रम असतो.

पंखाचें हाड मोडलें असेल तर क्ष-किरणांनीं तें तपासतात. पांखराचीं हाडें पातळ व ठिसूळ असल्यामुळें त्यांच्या कपच्या होतात. दंडाचें हाड आंतून पोकळ असून हवेच्या पिशवीशीं जोडलेलें असतें. तेथील उघड्या जखमेंत धुण्याचें पाणी सोडलें तर तें श्वासमार्गांत शिरतें. पंख इंग्रजी आठाच्या आंकड्यासारख्या पट्टीनें बांधितात. नीट जुळलेलें हाड तीन आठवड्यांच्या सुमारास सांधतें. परंतु पट्टी तेवढे दिवस उघडलीच नाहीं तर सांधा आंखडतो, आणि हाड जुळूनहि पंख उघडत नाहीं. म्हणून मधूनमधून पट्टी सोडून पंख हळुवार ताणून घ्यावा लागतो. माणसाचा हात थोडा वांकडा जुळला तरी त्याला लेखणी धरतां येते. घारीचा पंख वांकडा जुळला तर ती कशीबशी उडते, पण तिला शिकार साधत नाहीं. आणि शिकार न साधणाऱ्या घारीला सोडणें म्हणजे तिची उपासमार आपल्या नजरेआड करणें होय.

आहाराचेंहि शास्त्र आहे. पोपटाला फळें व दाणे, बुलबुलाला फळें व किडे, खंड्याला मासे, घुबडाला हाडाकेसांसकट उंदीर. कारण नुसत्या मांसांत पुरेसा चुना नसतो, व त्यावांचून वाढत्या पिल्लाचीं हाडें वांकतात. येथें कित्येक दयाळू माणसांपुढें पेंच उभा राहतो. दिल्लींत लाल मंदिराच्या आवारांतील जैन पक्षि-रुग्णालय असंख्य पांखरांची सेवा करतें. तेथें शाकाहारी पांखरांना ठेवून घेतात, आणि मांसाहारी पक्ष्यांवर बाहेरल्या बाहेर उपचार करितात. त्याच दिल्लींत नदीम शहजाद व मोहम्मद सौद या बंधूंनीं आपल्या घरांतच घारींची शुश्रूषा आरंभिली, आणि त्यांच्या कामावरील 'ऑल दॅट ब्रीद्स' हा चित्रपट २०२२ सालीं जगभर गाजला. घारीला वांचवावयाचें तर तिला मांस घातलें पाहिजे, हें त्यांनीं स्वीकारलें. दया ही घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणें द्यावयाची असते, देणाऱ्याच्या रुचीप्रमाणें नव्हे.

शेवटची परीक्षा उड्डाणाची. जाळीच्या लांबलचक दालनांत पक्षी न थकतां येरझारा घालतो काय, वळतांना एका अंगास झुकतो काय, पाणपक्ष्याच्या पिसांवरून पाणी ओघळून जातें काय, हें पाहतात. पिसें मोडलेलीं असतील तर ससाणे पाळणाऱ्यांची जुनी युक्ति उपयोगी पडते. मोडक्या पिसाच्या पोकळ देठांत बारीक काडी घालून त्यावर दुसरें पीस जोडतात. इतकें झाल्यावर पक्षी शक्य तों जेथें सांपडला तेथेंच सोडावयाचा, कारण तेथील पाणी, झाडें व शत्रु त्याला ठाऊक असतात.

पांखरूं बरें झालें म्हणजे दुसरा मोह उत्पन्न होतो. तो म्हणजे तें घरींच ठेवण्याचा. विशेषतः लहानपणापासून हातानें भरविलेलें पिल्लूं माणसालाच आपली जात समजूं लागतें. हा प्रकार कोनराड लोरेन्ट्स या शास्त्रज्ञानें हंसजातीच्या पिल्लांवर अभ्यासून १९३५ सालीं मांडला. असें पिल्लूं खांद्यावर येऊन बसतें तेव्हां घरादाराला कौतुक वाटतें. परंतु ज्याला माणसाचें भय राहिलें नाहीं आणि आपल्या जातीची भाषा आली नाहीं, तें रानांत जगूं शकत नाहीं. म्हणून चांगल्या केंद्रांत पिल्लांशीं कोणी बोलत नाहीं, त्यांना नांवें ठेवीत नाहीं, व साधेल तेथें त्याच जातीच्या इतर पिल्लांत त्यांना वाढवितात. कायदाहि याच बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बहुतेक रानपांखरें घरीं बाळगण्यास मनाई आहे, आणि सरकारची म्हणून गणली जाणारी अशी चीज हातीं आली तर ४८ तासांच्या आंत पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवून ती स्वाधीन करावयाची असते.

सगळींच पांखरें वांचत नाहींत, हें मान्य करूनच या कामाला हात घालावा लागतो. ज्याचा पंख सांध्यांतून तुटला आहे किंवा ज्याचे दोन्ही डोळे गेले आहेत, त्याला आकाश पुन्हां मिळावयाचें नाहीं. त्याला जन्मभर बंदींत ठेवावें, कीं वेदना न होतां मरण द्यावें, हा प्रश्न वैद्यापुढें उभा राहतो, आणि जीवदयेच्या संस्कारांत वाढलेल्या मनाला तो बोंचतो. पोपट थव्यानें राहणारा पक्षी. त्याला सोबत मिळाली तर बंदिवासांतहि तो निभावून नेतो. पण दिवसभर आकाशांत घिरट्या घालणाऱ्या घारीला चार हातांच्या खोलींत ठेवणें ही दया तिच्यावर आहे, कीं स्वतःच्या मनावर, याचा विचार करावयास हवा. हा निर्णय घरच्या माणसांनीं भावनेच्या भरांत घेऊं नये, आणि जाणत्या वैद्यानें तो घेतला तर त्याला निर्दय म्हणूं नये.

या शुश्रूषेची मर्यादा कोठें आहे, हें नान्नजच्या माळावरून अधिक स्पष्ट होतें. माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एका खेपेस एकच अंडें घालते. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळें समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाहीं, आणि दिसली तरी एवढें जड शरीर झटकन वळत नाहीं. तारेवर आपटलेला माळढोक बहुधा जागींच मरतो. त्याच्यासाठीं दवाखाना कितीहि सुसज्ज असला तरी निरुपयोगी. सर्वोच्च न्यायालयानें १९ एप्रिल २०२१ रोजीं राजस्थान व गुजरातेंतील माळढोकाच्या प्रदेशांतील वीजवाहिन्या भूमिगत करण्याविषयीं आदेश दिला, आणि २०२४ सालीं तो शिथिल करून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविला. गिधाडांचीहि हीच कथा. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधानें तीं मरतात, असें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं भारतानें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. तोंपर्यंत गिधाडांचे थवेच्या थवे नाहींसे झाले होते. एका पांखराला वैद्य वांचवितो. जातीला वांचविण्यासाठीं तार, औषध, धागा आणि माळरान यांचाच विचार करावा लागतो.

ही दुसरी शुश्रूषा घराघरांतून सुरू होऊं शकते. नायलॉनचा मांजा मुलांच्या हातीं न देणें, गच्चीवर व झाडांवर उरलेला धागा गोळा करून टाकून देणें, परळ स्वच्छ ठेवणें, घरट्याचें झाड पावसाळा सरेपर्यंत न छाटणें, या गोष्टींना पैसाहि लागत नाहीं व कौशल्यहि लागत नाहीं. आणि एवढें करूनहि एखादें पांखरूं दारांत येऊन पडलेंच, तर एक खोकें, एक जुनें फडकें आणि हात आवरण्याचा थोडा संयम जवळ असावा. बरें होऊन उडालेलें पांखरूं उपकार स्मरून परत येत नाहीं, आणि येऊंहि नये. तें पुन्हां दृष्टीस पडलें नाहीं, म्हणजे शुश्रूषा सफल झाली असें समजावें.